वारा, शाळा आणि गावाचा नकाशा

पवनऊर्जेचा इतिहास सांगताना आपण सहसा यंत्रांचाच इतिहास सांगतो. पात्यांची लांबी, मनोऱ्याची उंची, किलोवॉटचे आकडे. डेन्मार्कमध्ये मात्र या इतिहासाचा मोठा भाग शाळांच्या आवारात घडला. म्हणूनच मुलांना पवनऊर्जा शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न त्या देशाच्या संदर्भात विचारणे सयुक्तिक ठरते.

हवामानशास्त्राचे अभ्यासक पोल ला कूर (१८४६-१९०८) हे १८७८ पासून आस्कोव येथील लोकविद्यालयात शिकवीत. ग्रुंटविग यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या या विद्यालयांत शेतकरी घरांतील तरुण परीक्षेच्या ओझ्याविना शिकत. १८९१ मध्ये ला कूर यांनी सरकारी अनुदानातून तेथे प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर काय करायचे, ही खरी अडचण होती. त्यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि १८९५ पासून काही वर्षे शाळेतले दिवे त्यावर जळले. हायड्रोजनमध्ये प्राणवायू मिसळून स्फोट होत, खिडक्यांची तावदाने फुटत. पण प्रयोग थांबला नाही. शहरांत आलेली वीज खेड्यांपर्यंत पोहोचावी, ही त्यामागची तळमळ होती. १९०४ मध्ये ग्रामीण वीजतंत्रज्ञांसाठी वर्ग सुरू झाले. त्या वर्गांतून शिकलेल्या योहान्नेस यूल यांनी पुढे १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॉटची चक्की उभारली. नंतरच्या डॅनिश चक्क्यांचा तो आदर्श ठरला.

तेलसंकटानंतर, १९७५ ते १९७८ या काळात, उल्फबोर्गजवळील त्विंड येथील शाळांतील शिक्षक, विद्यार्थी आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक यांनी ५३ मीटर उंच मनोऱ्याची चक्की स्वहस्ते बांधली. खर्च शिक्षकांच्या सामायिक निधीतून झाला. अणुऊर्जेवरील वाद पेटलेला असताना हे काम म्हणजे एक जाहीर युक्तिवादच होता. मात्र पुढे याच संस्थेच्या नेतृत्वावर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप झाले, खटले चालले. चक्कीचे मोल त्याने कमी होत नाही; पण काँक्रीट ओतण्यात सर्वांचे हात लागले म्हणजे निर्णयातही सर्वांचा वाटा असतो, असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून ध्यानात येते.

साम्सो बेटाची कथा या दृष्टीने पाहावी. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेतून निवडल्या गेलेल्या, सुमारे चार हजार वस्तीच्या या बेटावर २००० पर्यंत जमिनीवर ११ आणि २००३ पर्यंत समुद्रात १० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यासाठी बैठकांमागून बैठका झाल्या. चक्की कोणाच्या शेतात उभी राहील, कोणाच्या खिडकीतून दिसेल, भाग कोण घेईल, हे त्यांत ठरले. मालकी शेतकरी, सहकारी भागधारक आणि नगरपालिका यांच्यात विभागली गेली.

मुलांच्या हाती पुठ्ठ्याची फिरकी देऊन भागत नाही. तिच्यासोबत गावाचा नकाशा द्यावा. वारा कोठून येतो, आवाज कोणाला सोसावा लागेल, पैसा कोणाकडे जाईल आणि वारा थांबल्यावर दिवे कशावर जळतील, हे त्यांना आपसांत भांडून ठरवू द्यावे. शेवटचा प्रश्न आस्कोवच्या वर्गात १८९१ मध्येच विचारला गेला होता. उरलेले तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे मुलांना शाळेतच कळले, तर मोठेपणी गावाच्या बैठकीत ती गप्प बसणार नाहीत.