पांढरा उंदीर आणि आपली दया

उंदीर म्हटलं की आपल्या घरात तीन गोष्टी आठवतात: गणपतीचं वाहन, कुरतडलेली साडी आणि पिंजरा. मारायचा नाही, म्हणून जैन घरांत पिंजऱ्याला पोळीचा तुकडा लावायचा आणि सापडलेला उंदीर सकाळी लांबच्या मैदानात सोडून यायचा, ही आपली रीत. पण उंदीर हौसेनं आणायचा, त्याला नाव ठेवायचं, खांद्यावर बसवायचं, हे आपल्या आज्यांनी ऐकलंही नसेल.

आता भोपाळमध्येही काही मुलं उंदीर पाळतात. आपण जशी लांबून काठ पाहून महेश्वरी आणि चंदेरी ओळखतो, तशा या मुली उंदरांच्या जाती ओळखतात. खरं म्हणजे या वेगळ्या जाती नाहीतच. गटारात राहणारा तपकिरी उंदीर आणि मांडीवर बसणारा पांढरा उंदीर एकाच जातीचे, रॅटस नॉर्वेजिकस. बदलतो तो फक्त अंगावरचा पेहराव. नावातला नॉर्वे चुकून आला. 1769 मध्ये जॉन बर्कनहाउट या इंग्रज अभ्यासकानं हा उंदीर नॉर्वेतून आला असं समजून नाव दिलं. त्याचं मूळ आशियातलं. नाव मात्र तेच चिकटलं.

पेहराव कसे ओळखायचे ते थोडक्यात सांगते. जंगली रंगाला अगूटी म्हणतात. त्यात एकेका केसावर काळसर आणि पिवळसर पट्टे असतात, म्हणून लांबून अंग तपकिरी दिसतं. सगळं अंग एकाच रंगाचं असेल तर तो सेल्फ. वरून गडद आणि पोट पांढरं असेल तर बर्कशायर. डोकं आणि खांदे रंगीत, पाठीच्या कण्यावर एक रंगीत पट्टा आणि बाकी अंग पांढरं, तो हूडेड, म्हणजे कुंची घातलेला. सगळं अंग पांढरं आणि डोळे लालसर गुलाबी, तो अल्बिनो. हिमालयन जातीत अंग फिकं असतं आणि नाक, पाय, शेपूट गडद होतात, कारण त्यांचा रंग अंगाच्या थंड भागांतच भरतो. कुरळे केस आणि कुरळ्या मिश्या असतील तर रेक्स, आणि कान बाजूला खाली बसलेले असतील तर डंबो.

ही हौस आजकालची नाही. जपानात ओसाका शहरात 1775 मध्ये उंदीर कसे पाळावेत यावर एक पुस्तक छापलं गेलं होतं. त्यात वेगवेगळ्या रंगांच्या उंदरांची माहिती होती. 1787 मध्ये क्योटोमध्ये लहान उंदरांच्या पैदाशीवर आणखी एक छोटं पुस्तक निघालं. मेंडेलच्या वाटाण्यांच्या कितीतरी आधी तिथल्या व्यापाऱ्यांनी कोणत्या जोडीतून कोणता रंग निघतो याचे अंदाज बांधले होते.

इंग्लंडमधली गोष्ट मात्र रक्तापासून सुरू होते. 19व्या शतकात लंडनच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये एका हौदात शेकडो उंदीर सोडायचे आणि कुत्रा किती मिनिटांत किती मारतो यावर पैसे लावायचे, असा खेळ चाले. त्यासाठी उंदीर पकडून आणणारे लोक होते. त्यांपैकी जॅक ब्लॅक स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीर पकडणारा म्हणवत असे. वेगळ्या रंगाचा उंदीर हाती लागला की तो बाजूला ठेवी, त्याची पैदास करी आणि ते उंदीर बड्या घरच्या मुलींना विकत असे. बघा मैत्रिणींनो, रंग वेगळा होता म्हणून तो उंदीर कुत्र्याच्या तोंडातून वाचला. बाकीचे त्याच हौदात गेले.

पुढे मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटरनं सॅमी नावाचा पांढरा उंदीर पाळला होता, आणि 1908 मध्ये एक पुस्तक तिनं त्याच्या आठवणीला अर्पण केलं. पण या हौसेला प्रतिष्ठा दिली ती मेरी डग्लस या बाईंनी. लहान उंदरांच्या शौकिनांचा एक क्लब 1895 पासून होता. त्यात मोठ्या उंदरांनाही जागा द्या, असा त्यांनी आग्रह धरला. 1901 मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात पहिल्यांदा उंदीर मांडले गेले आणि त्यांच्याच काळ्या-पांढऱ्या हूडेड उंदराला सर्वांत मोठं बक्षीस मिळालं. 1912 मध्ये क्लबाच्या नावातही उंदीर आला. 1921 मध्ये त्या वारल्या, आणि 1929 मध्ये क्लबनं ते नाव काढूनही टाकलं. एका बाईच्या जिवावर उभं राहिलेलं काम तिच्यामागे कसं विरून जातं, हे आपल्या महिला मंडळांनाही ठाऊक आहे. उंदरांसाठी स्वतंत्र संस्था निघायला 1976 उजाडावं लागलं.

मधल्या काळात पांढरा उंदीर दुसऱ्याच घरी गेला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये 1906 च्या सुमारास पांढऱ्या उंदरांची ठरावीक पैदास सुरू झाली. हेलन डीन किंग या शास्त्रज्ञ बाईंनी तिथे 1909 पासून भावा-बहिणींच्या जोड्या लावून पिढ्यानपिढ्या एकसारखे उंदीर तयार केले. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचा वंश पसरला. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी अनेक प्रयोगशाळांमधल्या पांढऱ्या उंदरांची जनुकं तपासली. त्या सगळ्यांमध्ये पांढरेपणाचा तोच एक बदल निघाला, आणि त्याच्याआड लपलेली हूडेडची कुंचीही निघाली. म्हणजे प्रयोगशाळेतले हे पांढरे उंदीर कुणीतरी पाळलेल्या एका कुंचीवाल्या उंदराच्या वंशातले. हौसेचा पिंजरा आणि प्रयोगाचा पिंजरा यांचं मूळ एकच आहे.

आपल्या मुंबईलाही उंदरांनी एक धडा दिला. 1896 मध्ये तिथे प्लेगची साथ आली. 1905 पासून प्लेग आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत काम केलं. हीच जागा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. शहरभरातून हजारो उंदीर आणून तपासले जात. घरात छपरावर राहणारा काळा उंदीर आणि गटारातला तपकिरी उंदीर असे दोन प्रकार त्यांनी वेगळे ओळखले, आणि साथ उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येते हे सिद्ध केलं. उंदीर मारण्याच्या मोहिमेला धार्मिक भावनेतून विरोधही झाला. तो विरोध आपल्यासारख्याच लोकांच्या मनातून आलेला होता. एका बाजूला माणसाचा जीव, दुसऱ्या बाजूला उंदराचा. सोपं उत्तर तेव्हाही नव्हतं.

भोपाळची बाई या विषयावर लिहिते आहे, तेव्हा 2 आणि 3 डिसेंबर 1984 ची रात्र टाळता येत नाही. मिथाइल आयसोसायनेट फुप्फुसांना किती घातक आहे, याचा अभ्यास दोन जर्मन संशोधकांनी 1964 मध्येच छापला होता. त्यासाठी त्यांनी उंदीर, ससे, गिनीपिग यांना तो वायू हुंगवला होता. म्हणजे आपल्या शहराआधी वीस वर्षं त्या मुक्या जीवांनी ही खबर जीव देऊन दिली होती. ती कुणी मनावर घेतली असती, तर निदान त्यांचं मरण वाया गेलं नसतं. 1984 नंतर त्याच वायूचे परिणाम समजून घ्यायला अमेरिकेत पुन्हा उंदरांना तो हुंगवला गेला. गॅसपीडितांच्या उपचारांवर बोलताना आपण डॉक्टरांची आठवण काढतो. या जीवांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी इथे काढली.

आता आपला प्रश्न. श्रावकानं उंदीर पाळावा का? उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. बांधणं सर्वांत आधी येतं. शिवाय श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत, म्हणजे कर्मादानांत, असतीपोषण आहे. हेमचंद्राचार्यांनी 12व्या शतकात योगशास्त्रात पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा पोसणाऱ्यांना त्यात धरलं आहे. त्यांना उंदरांची प्रदर्शनं माहीत नव्हती, पण धंद्याची जात त्यांनी बरोबर ओळखली होती.

मला वाटतं, खरी अडचण पिंजऱ्याहून पैदाशीत जास्त आहे. हिशोब करून बघा. उंदरीण सुमारे 22 दिवसांत वितें, एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात, आणि पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की स्वतः पिल्लं द्यायला तयार. हूडेड किंवा अल्बिनो रंग हा दोन्ही आईबापांकडून यावा लागतो. आईबाप दिसायला गडद असले आणि दोघांनीही तो रंग आत लपवून ठेवलेला असला, तर सरासरी चारातलं एक पिल्लू तसं निघतं. आठांत दोन. मग उरलेल्या सहांचं काय? परदेशांत असे नको असलेले उंदीर मारून, गोठवून पाळीव सापांना घालतात. रंगाची निवड म्हटलं की तिच्या मागे हे सहा जीव उभे असतात. जॅक ब्लॅकच्या हौदाची ही सुधारलेली आवृत्ती.

आपल्या परंपरेत याहून वेगळा पिंजराही आहे. 1832 मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली. त्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा यांनी पांजरपोळ उभी केली. तिथे जनावराचा रंग, वंश, उपयोग कुणी विचारत नाही. जे टाकलं गेलं, ते आत घ्यायचं, एवढाच नियम.

म्हणून ज्या मुली मला विचारतात, त्यांना मी इतकंच सांगते. पैदास करू नका आणि दुकानाला रंगाची फर्माइश देऊ नका. कुणी टाकलेला उंदीर पदरात आला तर त्याला जोडीदार द्या, पण दोघे नर किंवा दोघी माद्या, कारण हा एकटा झुरणारा जीव आहे. त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. तेवढा काळ कंटाळा आला म्हणून टाकू नका. आणि दया म्हणून पांढरा उंदीर मैदानात सोडू नका. त्याची नजर मंद असते, पांढरं अंग घारीला आणि मांजराला लांबून दिसतं. घरातल्या चोर उंदराला सोडणं ही दया आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्याला सोडणं म्हणजे आपल्या हातानं न मारता मारणं. दोन्ही उंदीर एकाच जातीचे असले, तरी दोघांना लागणारी दया वेगवेगळी आहे.