गवयाची झोळी : विष्णु दिगंबरांची देणगी

गवई आणि आश्रयदाता ही जोडी आपल्या ओळखीची. ग्वाल्हेरला शिंदे, बडोद्याला गायकवाड, मिरजेला पटवर्धन. दरबार गवयाला पोसत असे आणि गवई दरबाराची शोभा वाढवीत असे. या व्यवस्थेतून चांगले गाणे निपजले, हे आपण विसरू नये. मात्र ते गाणे ऐकायला मिळे मोजक्यांना, आणि शिकायला त्याहूनही मोजक्यांना.

ही चौकट मोडायला निघालेला माणूस दरबारातूनच निघाला. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचा मार्ग खुंटला आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. बुवांची विद्या ग्वाल्हेरची. म्हणजे ज्या गायकीचा आपल्याला अभिमान, तीच पुढे घरोघर नेणारा शिष्य मिरजेत घडत होता.

मिरजेतल्या एका समारंभाला त्यांना बोलावणे आले, पण गुरूंना आले नाही. गवयाला कशाला बोलवायचे, असे उत्तर मिळाले, असे सांगतात. गोष्ट तंतोतंत तशीच घडली असो वा नसो, १८९६ साली ते मिरज सोडून निघाले. वाटेत बडोदा आणि ग्वाल्हेरही लागले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज तिकिटाचे आपल्याला काही वाटत नाही. पण ज्याच्या हाती दोन पैसे तो श्रोता, ही कल्पना तेव्हा नवीन होती.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. त्यामागे एखाद्या संस्थानाची तिजोरी नव्हती. बुवा गावोगाव गात, बिदागी आणि देणग्या शाळेत घालत. उपदेशक वर्गातल्या मुलांना जेवण, राहणे आणि शिक्षण मिळे. बदल्यात त्यांनी ठराविक वर्षे शिकायचे आणि पुढे इतरांना शिकवायचे. बुवांनी स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली. गवयाने मैफल संपल्यावर झोळी पुढे करावी, पण ती स्वतःसाठी नव्हे, हा पायंडा त्यांनी पाडला. आजच्या भाषेत त्यांना संस्थेचा दूत म्हणता येईल. फरक एवढाच, की संस्थाही त्यांचीच आणि कर्जही त्यांचेच.

या कर्जानेच घात केला. १९०८ साली शाळा मुंबईत आली, पुढे इमारत उभी राहिली आणि १९२४ साली तिचा लिलाव झाला. बुवांचे मन मग रामनामाकडे वळले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत ते निवर्तले.

हिशेब येथे संपवला तर तो तोट्याचाच दिसेल. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर ही नावे लिलावात निघाली नव्हती. आज मंडळाच्या परीक्षेला बसणारी मुले दरबाराची नसतात. दुकानदाराची, शिक्षकाची, कारकुनाची असतात.

दरबार गेले, आश्रयाची जबाबदारी मात्र उरली. ती आता आपल्यासारख्या वर्गणीदारांवर आली आहे. पुढच्या वेळी गाण्याच्या वर्गासाठी कोणी पावतीपुस्तक घेऊन दारी आला, तर आधी त्याला आत बोलवावे. मिरजेत जे घडले म्हणून सांगतात, ते आपल्या उंबऱ्यावर तरी घडू नये.