कंपोन्मादाची कुळकथा

वर्षानुवर्षे मुरलेल्या मद्यप्याची दारू एकाएकी तुटली, की दोन-तीन दिवसांत त्याच्या हातांना कंप सुटतो, अंथरुणावर नसलेले किडे तो वेचू लागतो, आणि प्रसंगी फेफरे येऊन दगावतोही. या विकाराची वैद्यकाच्या दप्तरी स्वतंत्र नोंद व्हायला मात्र १८१३ साल उजाडावे लागले. त्या साली थॉमस सटन या इंग्रज वैद्याने त्याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’, म्हणजे कंपोन्माद, असे नाव देऊन मेंदूच्या दाहापासून तो वेगळा काढला, आणि इतरेजन रोग्याचे रक्त काढीत असता आपण अफूचा पक्ष घेतला.

परंतु अपराधी कोण, दारू, दारूचा अभाव की मद्यप्याचे कुपोषण, हा दावा पुढे जवळजवळ दीड शतक निकालावाचून पडून होता. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व सहकारी यांनी मॉर्फिनच्या दहा माजी व्यसनींना आठवडेच्या आठवडे दारू पाजली, आहारात व जीवनसत्त्वांत कसूर ठेवली नाही, आणि मग पेला एकदम काढून घेतला. तेव्हा दीड महिन्याहून अधिक काळ प्यालेल्यांपैकी काहींना झटके आले, काहींना भ्रम झाला. १९५५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजच्या नीतीला मुळीच मानवणार नाही. पण कुपोषणावरचा आळ त्याने पुसला, आणि दोष दारूच्या अभावावर ठेवला.

दारू तुटल्यावर मेंदूतील पेशी का मरू शकतात, याचे उत्तर दुसऱ्याच घराण्यातून आले. अजिनोमोटोतले ग्लुटामेट हेच मेंदूतील प्रमुख उत्तेजक द्रव्य. ल्युकस व न्यूहाउस यांनी १९५७ साली ते उंदरांच्या पिल्लांना टोचले, तो दृष्टिपटलाच्या आतल्या थरांतील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी तशीच हानी मेंदूतही दाखवली. (पानातल्या चिमटीला भिण्याचे कारण नाही, ती टोचण्याची मात्रा होती.)

दोन्ही घराण्यांची सोयरीक १९८९ साली जुळली. मद्यार्क पेशीवर ग्लुटामेटचा संदेश टिपणाऱ्या एनएमडीए नामक ग्राहकांना दाबतो, असे लव्हिंजर प्रभृतींनी दाखवले. रोजच्या या दडपणाला उत्तर म्हणून मेंदू त्या ग्राहकांचे बळ वाढवतो, आणि गाबा या शामक द्रव्याचा अंमल ढिला पडतो. दारू थांबताच उत्तेजन बेबंद होते, पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, पेशीचीच प्रथिने व पटले तोडणारी विकरे जागी होतात, आणि पेशी मरते, असे प्राण्यांत व पात्रात वाढवलेल्या पेशींत दिसून आले आहे.

म्हणून घरातल्या जुन्या पिणाऱ्याला शपथ घालून वा खोलीत कोंडून दारू तोडायला लावू नका. गाबाला बळ देणारी औषधे व थायमिन देऊन ती सोडवता येते, तेव्हा आधी त्याला डॉक्टरकडे न्या.