मिग-२१ चा स्वीकार : लढाऊ विमानाच्या परदेशी खरेदीमागील निकषांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
लढाऊ विमान हे केवळ एक यंत्र नसते. ते विकत घेणारे राष्ट्र विमानासोबतच विक्रेत्या राष्ट्राशी तीस-चाळीस वर्षांचे नाते जोडत असते. सुटे भाग, क्षेपणास्त्रे, प्रशिक्षण व दुरुस्ती या सर्वांसाठी त्याला विक्रेत्याच्या दारी पुन:पुन्हा जावे लागते. त्यामुळे एखादे विमान परदेशी ग्राहकाला का भावते, या प्रश्नाचे उत्तर वेग आणि उंची यांच्या तक्त्यात पूर्णपणे सापडत नाही. भारताने १९६२ मध्ये सोव्हिएत संघाकडून मिग-२१ घेण्याचा निर्णय केला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे या विमानाला निरोप देण्यात आला. सहा दशकांचा हा कालखंड आता पूर्ण झाल्यामुळे त्या निर्णयाचा जमाखर्च मांडणे शक्य झाले आहे. प्रस्तुत निबंधात हाच प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :
१) मिग-२१ च्या निवडीमागील लष्करी, आर्थिक व राजकीय निकष स्पष्ट करणे.
२) निवडीच्या वेळी दुर्लक्षित राहिलेल्या घटकांचा शोध घेणे.
३) विमान विक्रेता होऊ पाहणाऱ्या आजच्या भारताच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती :
या निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

पार्श्वभूमी :
स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय हवाई दलाची विमाने प्रामुख्याने ब्रिटन व फ्रान्स येथून आली. व्हॅम्पायर, तुफानी, मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा ही त्यांतील ठळक नावे होत. नॅट या लहान विमानाचे परवाना उत्पादन बंगळुरू येथे होत असे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या मरुत या विमानाने १९६१ मध्ये प्रथम उड्डाण केले. परंतु त्यास साजेसे शक्तिशाली इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. सांगाडा स्वतःचा आणि इंजिन परक्याचे, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

दुसऱ्या बाजूला पाकिस्तान १९५४ पासून अमेरिकेच्या लष्करी करारांत सामील झाला होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याला एफ-१०४ हे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान मिळाले. भारताजवळ त्या तोडीचे विमान नव्हते. चीनबरोबरचा सीमावादही चिघळत चालला होता.

निवडीचे निकष :
पहिला निकष अर्थातच कामगिरीचा होता. १९५९ पासून सोव्हिएत सेवेत आलेले मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकत होते. त्रिकोणी पंख, लहान आकार, साधी रचना आणि झटपट उंची गाठण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये होती. तथापि एवढ्यावरच निवड झाली असे म्हणता येणार नाही, कारण त्या वेगाची अन्य विमानेही पाश्चात्त्य देशांकडे होती.

दुसरा निकष अर्थव्यवहाराचा होता. पंचवार्षिक योजनांच्या त्या काळात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. सोव्हिएत संघाने दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे कर्ज दिले आणि त्याची फेड रुपयांत, म्हणजे प्रत्यक्षात भारतीय मालाच्या निर्यातीतून, करून घेण्याची तयारी दर्शविली. डॉलर किंवा पौंड मोजावे लागणाऱ्या कोणत्याही विमानापेक्षा ही अट भारताच्या तिजोरीला मानवणारी होती.

तिसरा निकष, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णायक निकष, उत्पादनाच्या परवान्याचा होता. भारताला विमाने हवी होतीच. पण त्यासोबत ती बनविण्याचे ज्ञान आणि कारखाने हवे होते. सोव्हिएत संघाने ही मागणी मान्य केली. तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात, ऑगस्ट १९६२ मध्ये व्यवहार ठरला. तो होऊ नये म्हणून ब्रिटन व अमेरिका यांनी प्रयत्न केले. परंतु तितक्याच अनुकूल अटी त्यांच्याकडून आल्या नाहीत.

चौथा निकष राजकीय होता. अलिप्ततेचे धोरण स्वीकारलेल्या राष्ट्राला कोणत्याही लष्करी गटात न जाता शस्त्रे हवी होती. चीनशी बिनसत चाललेल्या मॉस्कोलाही दिल्लीची मैत्री हवी होती. म्हणजेच ग्राहकाची गरज आणि विक्रेत्याचा स्वार्थ येथे एकत्र आले.

या निकषांची कसोटी १९६४ मध्ये पुन्हा लागली. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण मे १९६४ मध्ये अमेरिकेस गेले. भारताला एफ-१०४ मिळावे ही मागणी फलद्रूप झाली नाही. त्यानंतर काही महिन्यांतच ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या उत्पादनाचा मार्ग पक्का झाला. नाशिकजवळील ओझर येथे सांगाडा, ओरिसातील कोरापुट येथे इंजिन आणि हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक उपकरणे अशी विभागणी झाली. १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून चव्हाण लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, ही बाब या संदर्भात नोंदविण्यासारखी आहे. द्राक्षे आणि कांदा यांसाठी प्रसिद्ध असलेला निफाड तालुका यामुळे विमाननिर्मितीच्या नकाशावर आला.

जमेची बाजू :
१९६३ मध्ये चंदीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने प्रथम हे विमान स्वीकारले. १९६५ च्या युद्धात मोजकीच मिग विमाने उपलब्ध असल्याने त्यांचा वाटा मर्यादित राहिला. १९७१ मध्ये मात्र चित्र पालटले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर निवासावर मिग-२१ विमानांनी केलेल्या हल्ल्यानंतर पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. ज्या एफ-१०४ च्या धास्तीने ही खरेदी झाली, ते विमानही याच युद्धात मिग-२१ ने पाडले. पुढील काळात भारतीय कारखान्यांतून सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली.

खर्चाची बाजू :
येथे एक अप्रिय हिशेबही मांडला पाहिजे. भारतात प्रथम मोठ्या संख्येने बनलेल्या प्रकारात अंगची तोफच नव्हती. ती नंतर पोटाखाली बसवावी लागली. इंधन कमी असल्याने पल्ला तोकडा होता आणि विमान उतरवताना वेग फार असे. त्या वेगाची सवय व्हावी असे प्रगत प्रशिक्षण जेट विमान मात्र हवाई दलाकडे नव्हते. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने त्याची शिफारस केली. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती २००८ मध्ये सेवेत आली. दरम्यानच्या सव्वीस वर्षांत अनेक नवशिके वैमानिक मंदगती प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर गेले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर सुट्या भागांचा पुरवठाही विस्कळीत झाला. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले. ही आकडेवारी सर्व मिग विमानांची आहे आणि अपघातांची कारणेही एकच नाहीत. तरीही निवडीच्या तागडीत वेग, किंमत व परवाना यांना जे वजन मिळाले ते प्रशिक्षणाला मिळाले नाही, हे नाकारता येत नाही. हा दोष विमानापेक्षा खरेदी करणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे.

तुलनात्मक दृष्टिक्षेप :
भारताचा अनुभव अपवादात्मक नव्हता. १९७५ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क व नॉर्वे यांनी एफ-१६ निवडले, तेव्हाही उत्पादनातील वाटा हा महत्त्वाचा मुद्दा होता. याउलट खास निर्यातीसाठी बनविलेल्या एफ-२० टायगरशार्क या अमेरिकी विमानाची कामगिरी चांगली असूनही त्याला एकही ग्राहक मिळाला नाही आणि १९८६ मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. खुद्द अमेरिकी हवाई दलाने ते घेतले नव्हते. जे घरच्यांनी नाकारले ते परके कसे स्वीकारणार?

निष्कर्ष :
१) कामगिरी हा लढाऊ विमानाच्या निवडीचा प्रवेशनिकष असतो, निर्णय बहुधा अर्थसाहाय्य, उत्पादनाचा वाटा आणि राजकीय विश्वास यांवर होतो.
२) विक्रेत्याच्या मायदेशी विमानाचा झालेला स्वीकार परदेशी ग्राहकाला आश्वस्त करतो.
३) परवाना उत्पादनाने कारखाने उभे राहतात, परंतु त्यातून स्वतंत्र आराखडा व इंजिन निर्माण करण्याची क्षमता आपोआप येत नाही.
४) खरेदीच्या निकषांत प्रशिक्षण व आयुष्यभराच्या देखभालीला समान स्थान नसेल, तर त्याची किंमत वैमानिकांना मोजावी लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथे तेजस विमानाच्या नव्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. चंदीगडच्या निरोप समारंभानंतर महिनाही उलटला नव्हता. भारत आता तेजस परदेशी ग्राहकांपुढे मांडत आहे. पण २०२३ मध्ये मलेशियाने दक्षिण कोरियाचे एफए-५० पसंत केले आणि तेजसचे इंजिन अमेरिकी बनावटीचे आहे, हेही विसरता येणार नाही. १९६२ मध्ये आपण विक्रेत्याला जे प्रश्न विचारले तेच आता आपल्याला विचारले जातील, आणि जे विचारायचे राहून गेले तेही एखादा शहाणा ग्राहक विचारील. त्यांची उत्तरे तयार ठेवणे हाच मिग-२१ च्या इतिहासाचा खरा उपयोग होय.