शिक्का वर, मोर्तब खाली

‘उमेदवारीवर शिक्कामोर्तब’ हे आपण एका दमात वाचतो. मुळात ते दोन वेगळे ठसे. शिवकालीन पत्रात शिक्का माथ्यावर आणि मोर्तब मजकूर संपतो तिथे, शेवटच्या अक्षरांना खेटून. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मोर्तब म्हणून ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरं येतात. लिखाणाची हद्द इथे संपली, पुढे कुणी ओळ घुसडायची नाही! शब्द मूळचा अरबी, ‘मुरत्तब’, म्हणजे रीतसर लावलेलं. ‘मोर्तब सुद’मधला ‘सुद’ हा फारसी ‘शुद’, म्हणजे ‘झालं’.

‘मोर्तब’ हा शब्द मला आठवतो तो सर्व्हरच्या देखभालीत. सर्व्हर बंद असला, तरी वीज जोडलेली असेपर्यंत त्यातली एक छोटी चिप जागी असते. आतलं तापमान, पंख्यांचा वेग ती सांगते आणि यंत्र चालू-बंदही करते. ती परक्याच्या हाती गेली की सगळंच गेलं. म्हणून ‘रेडफिश’ या २०१५च्या मानकात एकदा नाव आणि पासवर्ड दिला की टोकन मिळतं, आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ते दाखवावं लागतं. जुन्या बँकेतल्या पितळी टोकनासारखंच हे. त्यावर नुसता आकडा. तो कुणाचा, हे आतल्या वहीलाच ठाऊक. ‘टोकन’चा जुना इंग्रजी अर्थही ‘खूण’ एवढाच.

त्याच वर्षी प्रमाणित झालेलं ‘जेसन वेब टोकन’ वेगळ्या जातीचं. त्याचे एरवी तीन तुकडे असतात, मध्ये टिंबं. आधी माथा, मग मजकूर: कुणाला, कशाची परवानगी, कधीपर्यंत. शेवटचा तुकडा पहिल्या दोहोंवरून गुप्त किल्लीने काढलेला. मजकुरातलं एक अक्षर बदललं, तरी तो जुळत नाही. वही उघडायची गरजच नाही.

या तुकड्याला ‘स्वाक्षरी’ म्हणतात. मला ‘मोर्तब’ जास्त पटतो. स्वाक्षरी माणसाची असते, मोर्तब दरबाराचं. पुष्कळदा ही किल्ली टोकन देणारा आणि तपासणारा या दोन्ही बाजूंकडे एकच असते, आणि ती ज्याच्या हाती, तो ठसा उमटवू शकतो. शिवाय मोर्तब काही झाकत नाही. टोकनातला मजकूरही सहसा कुणालाही वाचता येतो, तेव्हा त्यात पासवर्ड ठेवू नये. आणि बेअरर चेकसारखं ते ज्याच्या हाती त्याचं चालतं, म्हणून मुदत शक्य तितकी थोडी ठेवावी.