पत्र्याच्या पेटीतलं वाचनालय

आमच्या शाळेत वाचनालय आहे, हे मला चौथीत कळलं. तोवर ते मी रोज बघत होतो. गुरुजींच्या खुर्चीमागं एक हिरवी पत्र्याची पेटी असायची. तिला पितळी कुलूप. पावसाळ्यात वर्ग गळायला लागला, की हजेरीपट आणि खडूची खोकी तिच्यावर ठेवायची. तेच वाचनालय.

ही पेटी आली कशी? १९८६ साली देशाचं नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी त्यातून 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' निघालं. आपल्याकडं खडू-फळा म्हणत त्याला. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य द्यायचं, असा बेत होता. दुसरा शिक्षक शक्यतो बाई असावी, असंही त्यात होतं. आमच्या माणदेशातल्या वाडीला त्यातून पृथ्वीचा गोल, नकाशे, ढोलकी आणि गोष्टींची पुस्तकं मिळाली. बाई मिळायला मात्र आणखी दीड वर्ष गेलं.

गुरुजी काही वाईट नव्हते. चार वर्ग एकटे सांभाळायचे. पण पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरला चढली होती, टेबलाखाली आणि घंटेच्या वर. एखादं हरवलं तर वसुली पगारातून. तपासणीला साहेब आले, की पुस्तकं मोजायची आणि पुन्हा पेटीत. हरवलेल्या पुस्तकाला रजिस्टरात रकाना होता, वाचलेल्याला नव्हता.

मोठेपणी बडोद्याविषयी वाचताना मला ही पेटी आठवली. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याघरचे. १९०६ साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर पोरगं वाचणार काय? म्हणून १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल त्यांनी थेट अमेरिकेहून आणला. त्याच्या खात्यानं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव धाडली. वाचून झाली की ती पेटी परत जायची, दुसरी यायची. पुढं १९३१ साली मद्रासच्या रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा. आमच्या पेटीचं कुलूप मात्र त्यानंतर पन्नासावर वर्षांनीही लागलेलंच होतं.

बाई आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी किल्ली मागितली.

"बाई, नवीन हायसा तुम्ही. पोरं पुस्तकं फाडत्यात. पगारातनं कापून घेत्याल."

"माझ्या पगारातून कापा," बाई म्हणाल्या. तसं कागदावर लिहून सही दिली तेव्हा किल्ली मिळाली.

दर शनिवारी सकाळची शाळा. परवचा झाला, की खिडकीच्या गजांना सुतळी बांधायची आणि धुणं वाळत घालावं तशी पुस्तकं टांगायची. तिसरीच्या पोरांनी वर्तमानपत्राची कव्हरं घातली. बाई एक गोष्ट निम्मी वाचायच्या आणि पुस्तक मिटायच्या. "पुढं काय झालं असंल?" मग नुसता गलका. ज्याला खरं काय ते पाहिजे, त्यानं पुस्तक घरी न्यायचं. आम्ही चौथीतले दोघं ग्रंथपाल. वहीत नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख लिहायचो, किती दिवस झाले ते वजाबाकी करून काढायचो. शेवटचा रकाना होता, 'कुणाला वाचून दाखवलं?' त्यात आजी, आई, आंधळा चुलता अशी नावं यायची. एकानं लिहिलं, 'म्हशीला.' बाईंनी ते खोडलं नाही.

माझी आजी अडाणी. पण ऐकताना गप्प बसायची नाही. राजा शिकारीला एकटाच निघाला, की विचारायची, "भाकरी बांधून दिली न्हवती का त्याला कुणी?" मी पान उलटून बघायचो. भाकरीचं कुठं लिहिलेलं नसायचं.

मग शेळीचं ते झालं. तिसरीतल्या एका पोरीची आई रोजगार हमीच्या कामावर जायची, म्हणून शेरडं हिच्याकडं. चारायला नेताना पुस्तकही घेऊन जायची. एका दुपारी तिचा डोळा लागला आणि शेळीनं गोष्टीची शेवटची चार पानं खाल्ली. पोरगी तीन दिवस शाळेत आली नाही. पुस्तक मी दिलेलं, माझ्याही पोटात गोळा. चौथ्या दिवशी बाई तिच्या वस्तीवर गेल्या आणि हाताला धरून तिला घेऊन आल्या.

"हे पुस्तक कुणी कुणी वाचलंय?" बाईंनी विचारलं. अकरा हात वर झाले. "मग शेळीनं काय खाल्लं ते सांगा."

पोरीला शेवट माहीतच नव्हता, वाचायच्या आधीच तो शेळीच्या पोटात गेला होता. म्हणून ठरलं, आम्ही अकरा जणांनी सांगायचं आणि तिनं लिहायचं. दोन शनिवार भांडणं चालली. म्हातारी नदी कशी ओलांडते, यावर तर मारामारी व्हायची बाकी होती. पोरीनं रेघी कागदावर आपल्या भाषेत लिहिलं, 'म्हातारी म्हनली.' बाईंनी ती पानं सुई-दोऱ्यानं पुस्तकाला शिवली.

तपासणीला साहेब आले. नेमकं तेच पुस्तक हातात आलं. उभ्यानंच त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, हसले, आणि शेरा लिहिला, 'पुस्तक खराब, किंमत वसूल करावी.' बाईंनी त्याच दिवशी पैसे भरले. पुढं त्यांची बदली झाली. मी तोवर हायस्कुलात होतो. सुतळी गेली, कुलूप परत आलं.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रत्येक शाळेला वाचनालय सांगितलंय. मागं गावी गेलो तेव्हा शाळेत डोकावलो. आता भिंतीला फळ्या आहेत, पुस्तकं पोरांच्या हाताला येतील अशी. एका कोपऱ्यात ते पुस्तक दिसलं. शिवण उसवलेली, रेघी पानांचे कोपरे बोटांनी काळे झालेले.

"ते कधीच निर्लेखित झालंय," आताचे गुरुजी म्हणाले. "रजिस्टरला नाही, त्यामुळं कुणीही नेतं."

गेल्या आठवड्यात कोण घेऊन गेलं होतं, ते त्यांना सांगता आलं नाही.