नाक्यावरचा क्रूस

वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना ठिकठिकाणी क्रूस दिसतात. त्यांपैकी काही प्लेगच्या साथीत उभारले गेले. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावताना त्या दिवसांचे स्मरण आपल्याला क्वचितच होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला, तो गोव्याच्या हडफडे गावचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यास आरंभ झाला. पुढे १८९७ च्या साथरोग कायद्याने घरांच्या झडतीचेही अधिकार सरकारला दिले. हेतू जीव वाचविण्याचा होता; परंतु आप्तांना ओढून नेलेले पाहून लोक बिथरले. आजारी माणसे लपविली जाऊ लागली. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. मार्च १८९८ मध्ये तर शहरात दंगल उसळली.

याच काळात काही माणसांनी निराळी वाट धरली. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निवर्तल्या.

कायदा दार उघडू शकतो. विश्वास मात्र आधी स्वतः धोका पत्करणाऱ्यालाच लाभतो. नाक्यावरच्या क्रूसाचाही अर्थ याहून वेगळा तो काय? साथीच्या दिवसांत शेजाऱ्याचे दार कोण ठोठावणार, हा प्रश्न तो आजही आपल्याला विचारीत उभा आहे.